मौसमवाल्याचं वादळ

माझा धंदा वाळवणाचा. कराडला आमच्या गच्चीवर होळीच्या आधीपासून मे संपेपर्यंत कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असतात आणि हाताखाली गल्लीतल्या पाच-सहा बायका असतात. आभाळ फिरलं की आमचं सगळंच फिरतं. त्यामुळे हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा डोळे बारीक करूनच बघते. टीव्हीवर कडक ऊन सांगितलं की मी आधी ताडपत्री काढून ठेवते. घरातले हसतात. हसू देत.

नलूताई माझी मावसबहीण. लग्न होऊन बुऱ्हाणपूरकडे गेली, ती तिकडचीच झाली. खकनारच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, केळीची बाग आहे. दरवर्षी ती बोलावते आणि दरवर्षी माझं जाणं राहून जातं. या वर्षी मेच्या अखेरीला तिचा फोन आला तो वेगळ्याच सुरात.

"वंदे, हंगाम आटोपला असेल तर ये. ह्यांचं तुझ्याकडे काम आहे."

"माझ्याकडे? दाजींचं?"

"तू कोणाच्या अंदाजावर भरोसा नाही करत ना, म्हणून," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला काही तयार होईना.

असं अर्धवट सांगितलं की मला राहवत नाही. मी तिकीट काढलं.

स्टेशन ते बाग

बुऱ्हाणपूरला उतरले तेव्हा सकाळीच फलाटावरचा पत्रा तापला होता. आमच्याकडे मेमध्ये घाम येतो, इथे घाम यायच्या आधीच वाळतो. नलूताईचा मुलगा हेमंत गाडी घेऊन आला होता. तिशीतला, हसरा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. "मावशी, पहिले जलेबी खाऊ, फिर घर," म्हणाला आणि त्यानं मला माव्याची जिलबी खायला नेलं. आमच्या जिलबीच्या दुप्पट जाड, काळपट तांबूस आणि मऊ. एक खाल्ली की जेवण झाल्यासारखं वाटतं. मी दोन खाल्ल्या.

गाडीत बसलो तोच त्याच्या फोनवर आवाजातला संदेश वाजला. बारीक, घाईचा पुरुषी आवाज.

"किसान भाइयों, राम राम. आज शाम को तेज़ हवा के पूरे आसार हैं. जिनका माल तैयार है, वो देर न करें."

"हा कोण?"

"मौसमवाला. प्रकाशभाऊ. शहरात बुधवाऱ्यात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. रोज सकाळी ग्रुपवर मौसम सांगतो. सगळे केळीवाले त्याच्या ग्रुपमध्ये आहेत."

"आणि खरं निघतं का?"

हेमंतनं आरशात बघितल्यासारखं केलं आणि गियर बदलला. "कभी हाँ, कभी ना," एवढंच म्हणाला. त्याचं हसू तेवढ्यापुरतं गेलं होतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

गावाकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी. मी कराडची, ऊस बघत वाढलेली. उसाच्या फडात शिरायला वाट नसते. केळीच्या बागेत मात्र आत सावलीची लांबच लांब गल्ली दिसते आणि तिच्यातून गार हवा येते. लांब सातपुड्याची निळी रेघ होती आणि तिच्यावर ढगाचं नखही नव्हतं.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. 'पूरे आसार' असलेल्या हवेची मी मुद्दाम वाट बघत होते. केळीचं पान वाऱ्याला फार हळवं, जरा झुळूक आली की हलतं. ते पान भिंतीवरच्या चित्रासारखं स्थिर होतं. तुळशीपुढचा दिवा विझायच्या बेताला आला तो तेल संपलं म्हणून.

नलूताईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. इथलं भरीत कच्च्या तेलावर आणि हिरव्या मिरचीवर उभं असतं. आमच्या दह्याच्या भरिताला हे लोक कोशिंबीर म्हणतील.

दाजींचं नाव दिगंबर. आडव्या बांध्याचे, कमी बोलणारे. जेवण झाल्यावर हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"ताई, बघितलं ना आजचं तूफान?"

"बघितलं. पानही हललं नाही."

"असंच चाललंय सगळा हंगाम. तो बोलतो तूफान येणार, लोक घाबरतात, कच्चे घड कापून टाकतात. एकाच दिवशी सगळ्यांचा माल निघतो, भाव पडतो, व्यापारी उचलून नेतो. दुसऱ्या दिवशी कडक ऊन." त्यांनी आवाज खाली आणला. "तो व्यापाऱ्यांना मिळालेला आहे. मला पक्की शंका आहे. पण मी दुकानात गेलो तर तो तोंड उघडणार नाही. तुम्हाला तो ओळखत नाही. तुम्ही जा, बसा, बघा."

म्हणजे मला हेरगिरीसाठी बोलावलं होतं. खरं सांगते, मला आनंदच झाला. सकाळच्या त्या संदेशातलं शेवटचं वाक्य माझ्याही डोक्यात अडकलं होतं. हवा सांगणाऱ्यानं हवा सांगावी. माल कधी काढायचा ते त्यानं का सांगावं?

"पापा, तो मोबाइलवर मौसमचं मॉडल बघून सांगतो, मनाने नाही," हेमंत मध्येच म्हणाला.

"तू गप बस," दाजी म्हणाले.

हेमंत उठून बाहेर गेला आणि बराच वेळ फोनवर हलक्या आवाजात बोलत राहिला. नलूताई भांडी उचलताना माझ्याकडे बघत नव्हती. घरातल्या घरात काहीतरी होतं, आणि ते मला कोणी सांगत नव्हतं.

बाग

दुसऱ्या दिवशीचा प्रकाशभाऊचा अंदाज: दुपारनंतर धूळ, वादळी वारा, कहीं कहीं ओले, म्हणजे गारा. देर न करें. मी हेमंतला फोनवर बाकीचे अंदाज दाखवायला लावले. एकात स्वच्छ ऊन होतं, दुसऱ्यात अर्धा ढग, तिसऱ्यात शहरासाठी एक आणि खकनारसाठी दुसरंच. गारा कुठेच नव्हत्या.

दाजींनी मला बाग दाखवली. घड लोंबत होते, केळी अजून जरा बारीकच. अजून आठ-दहा दिवस मिळाले तर भरतील, असं ते म्हणाले. एका घडाखाली हात धरून त्यांनी तो जरासा उचलला, झोपलेल्या पोराचं डोकं उचलावं तसा.

"झाड बघा. पुढून एवढं वजन, आणि मुळं वरच्या वर. वारा आला की कंबरेतून मोडतं. मागच्या साली ह्या कोपऱ्यापासून त्या विहिरीपर्यंत सगळं आडवं झालं होतं."

"तेव्हा मौसमवाल्यानं काय सांगितलं होतं?"

दाजी पुढे चालू लागले. "तेव्हा बोलला होता, मौसम साफ."

त्या दुपारी धूळ उडाली नाही आणि गारा पडल्या नाहीत. चार वाजता नलूताईनं बिबड्या वाळत टाकल्या. ज्वारीच्या पातळ, ताटाएवढ्या, लसूण घातलेल्या. त्या संध्याकाळपर्यंत कुडकुडीत झाल्या. माझ्या हिशेबानं ऊन पक्कं होतं. शेजारच्या बागेतून मात्र घड भरलेली गाडी निघाली. घड इतके हिरवे आणि बारीक होते की मला बघवेना. तो शेतकरी दाजींना लांबूनच हात करून गेला.

"त्यानं ऐकलं मौसमवाल्याचं," दाजी म्हणाले.

माझा संशय आता पक्का व्हायला लागला होता.

बुधवारा

सकाळी हेमंतनं मला बुधवाऱ्याच्या चौकात सोडलं. "मी इधरच थांबतो," म्हणाला. दुकानापर्यंत यायला मात्र तयार झाला नाही.

जुन्या शहराचा हा भाग दाट. वर लाकडी सज्जे, खाली दुकानं, एका दारात दराब्याची परात. हा रवा-तुपाचा गोड पदार्थ घोटून घोटून लोण्यासारखा हलका करतात. पण मी त्या दिवशी कामावर होते, परातीकडे पाठ केली.

प्रकाशभाऊचं दुकान अरुंद होतं. छताला काळ्या नळ्यांची वेटोळी टांगलेली, खाली प्लास्टिकच्या तोट्या. मौसमवाला म्हणून मी कोणी बेरकी माणूस मनात धरला होता. समोर होता तो पन्नाशीचा, किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेला. बाजूच्या स्टुलावर पांढऱ्या शर्टातला एक जाड माणूस चहा पीत बसला होता. मला बघून त्यानं कप ठेवला, "चलो, दस बजे फोन करता हूँ," म्हणाला आणि निघाला. बाहेर उभ्या असलेल्या केळीच्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्यानं नावानं हाक मारली. व्यापाऱ्याचा माणूस. एवढं कळायला मला मौसमवाल्याची गरज नव्हती.

मी ठरवून आले होते तसं बोलले. "भाऊ, मी कराडची. वाळवणं करते. तुम्ही हवा सांगता असं ऐकलं. चार दिवस ऊन मिळेल का ते विचारायचं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही दिगंबरभाऊंकडे उतरल्या आहात."

माझं तोंड उतरलं असावं.

"हेमंतनं चौकात गाडी थांबवली. मी इथून सगळा रस्ता बघतो. आता सवय झाली." त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवला. "बसा. त्यांनी पाठवलं ना? काय, मी व्यापाऱ्याला मिळालोय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "हो. तसंच म्हणतात. आणि आत्ता इथे बसलेला माणूस कोण होता?"

"व्यापाऱ्याचाच होता. रोज येतो. विचारतो, मी सांगतो. जे ग्रुपवर सांगतो तेच."

"मग 'देर न करें' हे कोणाचं वाक्य?"

त्यानं तोट्यांची एक पिशवी उघडून उगाच परत बांधली. डाव्याच हातानं. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता.

"त्याचंच," तो शेवटी म्हणाला. "तो बोलला, इतना जोड दिया करो, लोगों को समझता है. मला वाटलं, खरंच आहे. पैसे नाही घेतले ताई. चहा पितो त्याचा, तेवढंच."

मी विश्वास ठेवला का? अर्धा. चहा पिणारा माणूस पुढे काय काय पितो हे मी धंद्यात बघितलंय. पण मी विचारलं, "ते जाऊ दे. रोज वादळ का सांगता? दिसतं का तुम्हाला ते?"

"नाही दिसत."

"मग?"

त्यानं काउंटरवर डावा हात ठेवला. तिथे काच नव्हती, प्लायवूडची फळी खिळ्यांनी ठोकलेली होती.

"मागच्या साली मला साफ दिसत होतं. सगळीकडे साफ. मी सांगितलं साफ. दुपारी अचानक असं तूफान आलं की अर्ध्या तालुक्याची केळी झोपली. संध्याकाळी लोक इथे आले. खूप होते. बोर्ड तोडला, काच फोडली. एकानं मला हाताला धरून काउंटरवरून ओढलं. खांदा निखळला. अजून हात वर जात नाही." त्यानं उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. "तेव्हापासून मी तूफानच सांगतो. आलं तर मी खरा. नाही आलं, तर न आलेल्या तूफानासाठी कोणी मारायला येत नाही ताई."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"पण लोक कच्चे घड कापतात," मी म्हणाले. "काल मी गाडी बघितली."

"माहिती आहे. मी पण बघतो. ह्याच रस्त्यानं जातात."

"तुम्हाला ओढलं कोणी?"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "ज्यांच्याकडे तुम्ही उतरल्या आहात, त्यांना विचारा. आणि हेमंतला काही बोलू नका. त्यानंच मला त्या दिवशी दवाखान्यात नेलं. अजूनही मालिशवाल्याकडे तोच नेतो. घरी माहीत नाही."

उठताना मी त्याला एक सांगितलं. सल्ला द्यायचा म्हणून नव्हे, तोंडातून निघून गेलं. "भाऊ, आमच्या गच्चीवर मला आभाळाचं कळेनासं झालं की मी बायकांना तसंच सांगते. आज मला माहीत नाही, ताडपत्री हाताशी ठेवा आणि दोघी वर थांबा. त्या कुरकुरतात. पण थांबतात."

"'माहीत नाही' ऐकायला ग्रुपमध्ये कोण राहील?" तो म्हणाला.

राजघाट

दुपारी नलूताईही शहरात आली आणि आम्ही दोघी तापीच्या घाटावर गेलो. तापी आमच्या कृष्णेसारखी काठाला बिलगून वाहत नाही. खडकांमधून आपला मार्ग काढत, थोडी अलिप्त वाहते. पलीकडे दगडाचा हत्ती पाण्यात उभा आहे. काही बायका पायरीवर कपडे धूत होत्या. प्रकाशभाऊचा त्या दिवशीचा अंदाज होता मेघगर्जनेसह पावसाचा. माझ्या पायाखालची पायरी चटके देत होती.

"नलूताई, दाजींनी त्या माणसाचा खांदा काढला?"

ती पदरानं वारा घेत होती, थांबली. "त्यानं सांगितलं?"

"त्यानं नाव घेतलं नाही."

"मी सांगणार होती. ह्यांनी शपथ घातली." तिचे डोळे भरले. "वंदे, मारकुटा माणूस नाही गं तो. तू बघतेस ना. त्या दिवशी बाग बघून आले, बोलले नाही, पाणी नाही पिले, तसेच गाडीवर बसून गेले. परत आले तेव्हा हाताला रक्त होतं, काचेचं. मी धुतलं. त्यानंतर एक शब्द नाही त्याबद्दल. फक्त एकच, तो चोर आहे, तो चोर आहे."

मी हत्तीकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की तो माणूस चोर निघाला असता तर दाजींची केवढी सोय झाली असती. आणि ती सोय करायला त्यांनी मला कराडहून बोलावलं होतं. मला राग आला. त्यातला थोडा स्वतःवरही होता, कारण मीही चोरच शोधायला गेले होते.

अंगण

संध्याकाळी दाजींनी विचारलं, "काय दिसलं?"

"व्यापाऱ्याचा माणूस तिथे बसतो. 'देर न करें' हे वाक्य त्यानंच घालायला सांगितलं."

"बघ! मी बोललो नव्हतो?" ते नलूताईकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आणि काउंटरला काच नाही," मी म्हणाले. "उजवा हात छातीच्या वर जात नाही."

हेमंत दारात उभा होता, तो तिथेच राहिला.

"दाजी, तो रोज वादळ सांगतो ते व्यापाऱ्यासाठी नाही. तुम्हाला घाबरून. न आलेल्या वादळासाठी कोणी मारत नाही, असं म्हणाला मला."

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या ताई?" दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी एवढा कोरडा आवाज त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"मी तुमच्याकडे जेवते," मी म्हणाले. "बाजू कुठली ते मला माहीत नाही."

ते उठले आणि बागेकडे गेले. त्या रात्री परत जायचं तिकीट उद्याचं मिळेल का, असं मी मनात घोळवत झोपले.

बाग, पुन्हा

सकाळी चहा चालू असताना हेमंतच्या फोनवर तो आवाज आला. आज घाई नव्हती त्यात.

"किसान भाइयों, राम राम. आज का मुझे पक्का पता नहीं है. हवा आ भी सकती है, नहीं भी आ सकती. अपने बाँस-रस्सी देख लीजिए. माल का फ़ैसला आप ख़ुद करें."

हेमंतनं ग्रुप वाचून दाखवला. कोणी हसण्याचे चेहरे टाकले होते. कोणी विचारत होतं, पता नहीं तो ग्रुप क्यों चलाते हो. काही जण बाहेर पडले होते.

"नवा डाव," दाजी कप ठेवत म्हणाले. "आता आपण कापू नये असं त्याला पाहिजे. तूफान आलं की पडलेला माल व्यापारी फुकटात उचलणार."

मला क्षणभर तेही खरं वाटलं. संशयाचं असंच असतं. माणूस बोलला तरी संशय येतो, गप्प बसला तरी येतो. आभाळ बघायला मी अंगणात आले. ऊन होतं, पण पिवळट. दक्षिणेकडे कडेला काहीतरी गढूळ होतं, धूळ की ढग ते कळत नव्हतं. माझ्या गच्चीवर मी काय केलं असतं? मी आत आले आणि म्हणाले, "दाजी, ते मी त्याला सुचवलं. 'माहीत नाही' असं सांगा म्हणाले. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण मला पण आज कळत नाहीये."

हेमंत उठला, गोठ्यातून नायलॉनच्या दोऱ्यांचे गुंडाळे काढले आणि बागेकडे निघाला. नलूताई त्याच्यामागे. मग मी. झाडाला झाड बांधायचं, घडाच्या विरुद्ध बाजूला ताण द्यायचा, जिथे बांबू आहे तिथे टेकू लावायचा. दोरीनं माझी बोटं कापली गेली. पहिली ओळ झाली तेव्हा पलीकडून कोणीतरी बांबू ठोकत असल्याचा आवाज आला. दाजी होते. आमच्याकडे न बघता काम करत होते.

आम्ही विहिरीच्या बाजूनं सुरू केलं होतं. दुपार कलली तरी अर्धी बाग बाकी होती. मग एकाएकी पक्ष्यांचा आवाज थांबला. पानं आधी एका बाजूला वळली, सगळी एकदम, जसं कोणी हाक मारली. आणि धुळीची भिंत आली.

आम्ही पंपाच्या खोलीत शिरलो. त्या वादळाचं वर्णन मला नीट करता येणार नाही. पत्र्याच्या आवाजात मला फक्त मधला एक आवाज वेगळा ऐकू येत होता. ओला, जड, एकामागून एक. झाडं कंबरेतून मोडत होती. प्रत्येक आवाजाला दाजींचे डोळे मिटत होते. नलूताईनं त्यांचा हात धरला होता. चार टपोरे थेंब पडले आणि सगळं निघून गेलं, जसं आलं तसं.

बाहेर आलो. रस्त्याकडची, न बांधलेली बाग आडवी झाली होती. बांधलेल्यातलीही वाऱ्याच्या तोंडची काही झाडं दोरीसकट पडली होती. पण विहिरीकडच्या ओळी उभ्या होत्या. पानांच्या चिंध्या झालेल्या, घड मात्र लोंबत होते. शेजारी, ज्यानं कच्चे घड कापले होते, त्याच्या बागेला वारा शिवलाही नव्हता. वादळ मधल्या पट्ट्यातून गेलं होतं. ते कोण सांगू शकलं असतं?

दाजी पडलेल्या झाडांमधून एकदा चालत गेले आणि परत आले. मग गाडीची किल्ली मागितली.

"कुठे?" नलूताईचा आवाज फाटला.

"बुधवाऱ्याला."

हेमंत आडवा आला. दाजींनी त्याला बाजूला केलं. मी काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले. हेमंत पुढे बसला. माती लागलेले दाजींचे हात स्टेअरिंगवर होते, आणि माझी नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

बुधवारा, संध्याकाळ

आजूबाजूची दुकानं उघडी, दिवे लागलेले. मौसमवाल्याचं शटर खाली होतं. दाजींनी हाताच्या तळव्यानं त्यावर थाप मारली. सगळी गल्ली वळून बघायला लागली.

"प्रकाश. उघड."

आतून काही नाही.

"मी आहे, दिगंबर. मारायला नाही आलो. हेमंत आहे, ताई आहेत."

खूप वेळानं कडी सरकल्याचा आवाज झाला. शटर छातीएवढं वर गेलं आणि तिथेच थांबलं. दाजी वाकून आत गेले, त्यांच्यामागे आम्ही. प्रकाशभाऊ भिंतीला लागून उभा होता. दाजी स्टुलावर बसले. त्यांनी त्या प्लायवूडच्या फळीकडे बघितलं.

"अर्धी गेली," ते म्हणाले. "अर्धी उभी आहे. तू रस्सी बघा बोलला म्हणून."

प्रकाशभाऊनं भिंतीवरची पाठ काढली.

"पडलेले घड उद्या उचलायचे आहेत. पाणी आलं तर सडतील. उद्या पाणी आहे का?"

प्रकाशभाऊनं फोन काढला. डाव्या हातानं वर-खाली केलं, चष्मा लावला, परत बघितलं. मग दाजींच्या हातांकडे बघितलं.

"भाऊ, खरं सांगू? माहीत नाही."

हेमंत दाजींच्या जवळ सरकला. मीही.

"बरं," दाजी म्हणाले. "मग उजाडताच उचलतो."

ते उठले. शटरपाशी गेले, खाली वाकण्याऐवजी दोन्ही हात लावून त्यांनी ते पार वरपर्यंत ढकललं. गल्लीतला उजेड सगळा आत आला. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"हा हात वर जात नाही, तर रोज शटर कोण उघडतं?"

"शेजारचा," प्रकाशभाऊ म्हणाला.

दाजींनी मान हलवली. पायरी उतरत असताना मागून प्रकाशभाऊनंच विचारलं, "भाऊ, उद्या ग्रुपवर काय सांगू?"

"मला सांगितलं तेच सांग," दाजी म्हणाले.